आधी माणसाला, मग कुत्र्याला

माझी नणंद हीरिया हिच्या अंगणात कुत्रा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतःची बाही वर करावी लागायची. ती विजेचा पट्टा त्याच्या मनगटावर आवळायची, हातातल्या डबीवरचं बटण दाबायची, आणि रानडुकराच्या सुळ्यांना न भिणारे ते आडदांड गडी 'आई गं' करून जागच्या जागी उडायचे. मग ती म्हणायची, "कळलं ना कसं लागतं? आता आण तुझ्या कुत्र्याला." आधी माणसाला, मग कुत्र्याला, हा तिचा नियम. वनखात्याच्या साहेबालासुद्धा तिनं सोडलं नव्हतं. तो तर चहाच्या कपासकट उडाला होता आणि कप माझा होता.

आमच्या उत्तरेकडे शनिवार उजाडला की बाप्ये डुकराच्या मागे रानात जातात आणि कुत्रे त्यांच्या पुढे. पुकेरोआचा डोंगर आमच्या गावाला लागूनच, आणि त्याच डोंगरात किवी. या पक्ष्याला उडता येत नाही. दिवसा बिळात झोपतो, रात्री चालत फिरतो, आणि त्याच्या अंगाला असा उग्र वास असतो की कुत्र्याचं नाक आपोआप तिकडे वळतं. बरं, त्याला छातीचं हाड म्हणावं असं धड नसतंच. कुत्र्याच्या मनात मारायचं नसलं, नुसतं कौतुकानं तोंडात धरलं, तरी तो आतल्या आत चेपून मरतो. म्हणून कायदा असा की किवीपासून लांब राहायला शिकल्याचा दाखला नसेल तर कुत्र्याला रानात पाऊल टाकता येत नाही. तो दाखला आमच्या भागात हीरिया द्यायची.

शिकवण्याची रीत सोपी होती. मेलेला किवी वाटेच्या कडेला ठेवायचा. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला मोकळं सोडायचं. तो हुंगत हुंगत पक्ष्यापाशी गेला, नाक खाली घातलं, की बटण. एक किंकाळी. कुत्र्याला वाटतं, त्या पक्ष्यानंच डंख मारला. पुढे जन्मभर तो त्या वासाच्या वाटेला जात नाही, असं शास्त्र.

हीरिया या कामात पडली ती तिच्या स्वतःच्या कुत्रीमुळे. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. एका सकाळी ती कुत्री तोंडात किवी घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवून शेपूट हलवत उभी राहिली. माझे सासरे तेव्हा होते. त्यांच्या लहानपणी पुकेरोआवर रात्री इतके किवी ओरडायचे म्हणे की पाहुण्यांना झोप लागत नसे. त्या दिवशी म्हातारा ताटावरून उठून गेला. शेजारी बंदूक घेऊन आले, कुत्रीला संपवू म्हणाले. हीरियानं त्यांना फाटकातच अडवलं. "तिला कोणी शिकवलं होतं का? न शिकवता शिक्षा कसली करता?" लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, मूलबाळ नव्हतं. ती दक्षिणेकडे जाऊन वनखात्याच्या माणसाकडून काम शिकून आली, आणि मग उरलेलं आयुष्य तिनं यातच घातलं.

आता तिचं एक खूळ सांगते. मेलेले किवी काही झाडाला लागत नाहीत. रस्त्यावर गाडीखाली सापडलेला, मुंगसासारख्या दिसणाऱ्या चोरट्या प्राण्यांनी मारलेला, असा एखादा पक्षी वनखातं मोजकाच देतं आणि तो शीतपेटीत ठेवून वर्षभर वापरायचा. दुसरे शिक्षक तो काढतात, जमिनीवर टाकतात, काम झालं की परत पिशवीत. हीरियाला ते जमेना. किवी म्हणजे रानाच्या देवाचं लेकरू, आमच्या पूर्वजांचा नातलग. माझ्या सासूबाईंनी तिला लहानपणी शिकवलं होतं की मेलेल्याला उघडं-बोडकं ठेवायचं नाही. म्हणून ती रोज सकाळी घरामागून कावाकावाची पानं तोडून आणायची. विड्याच्या पानासारखीच दिसतात ती, वास मिरमिरीत. आमच्यात मयत झालं की बायका डोक्यावर याच पानांचे वेढे घालून प्रेतापाशी बसतात. हीरिया ती पानं तळहातावर चुरगळायची, दोन ओळी प्रार्थनेच्या म्हणायची आणि त्यांच्या अंथरुणावर पक्ष्याला ठेवायची.

मी चिडवायचे, "अगं, त्या पक्ष्याचं रोज मयत करतेस. एक दिवस तोच उठून म्हणेल, बाई, आता पुरे."

"म्हणू दे. पाय चेपायला सांगितले तर तेही चेपीन. माझ्यासाठी रोज मरतोय बिचारा."

आणि हिचे कुत्रे सगळ्या मुलखात नावाजलेले! दुसऱ्यांच्या कुत्र्यांना दोनदा-तीनदा झटके द्यावे लागत. हिच्याकडे एकदाच. वर्षानं परीक्षेला आणलं की लांबूनच वळसा घालून निघून जात. "हीरियाचा हात लागला की पुन्हा बघायला नको," असं शिकारी म्हणायचे. ती वरून गप्प असायची, पण कान लाल व्हायचे.

आमचा टोआसुद्धा तिच्याच हातचा. टोआ म्हणजे शूर. माझ्या नवऱ्यानं, पाओरानं, त्याला कोटाच्या खिशात घालून घरी आणलं होतं, एवढंसं पिल्लू. आम्हाला मुलं झाली ती शहरात गेली; टोआ राहिला. पाओराच्या ताटातली रताळी खायचा, पाओराच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपायचा. त्याला शिकवायची वेळ आली तेव्हा पाओरा बहिणीला म्हणाला, "ताई, मला दहादा दे. त्याला एकदाच दे, आणि हलका."

"हलका दिला तर दुसऱ्यांदा द्यावा लागेल. लाड करायचे तर घरी बांधून ठेव."

पाओरा ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, कानांवर हात ठेवून, आणि हा बाप्या एकट्यानं डुकरं लोळवणारा. मी मात्र पाहिलं. टोआ पक्ष्यापाशी गेला, शेपूट मजेत हलत होतं, नाक पानांत खुपसलं, आणि मग जो आवाज त्याच्या तोंडून निघाला तो कुत्र्याचा वाटलाच नाही. तो धावत येऊन हीरियाच्याच दोन पायांत लपला. तिच्याच! ती खाली बसून त्याला कुरवाळत राहिली. तिचा चेहरा मला दिसला नाही.

या पट्ट्यावर सरकार बंदी आणणार अशी हवा काही वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि गावोगाव सभा झाल्या. आमच्या मराईवर, म्हणजे जिथं आमची लग्नंही होतात, भांडणंही आणि मयतंही, तिथंही झाली. खाली तालुक्याला फिलिपा नावाची गोरी मुलगी जनावरांची डॉक्टर म्हणून आली होती. तीच बोलायला उभी राहिली.

"मारून शिकलेलं जनावर भीती शिकतं," ती म्हणाली. "खाऊ देऊन, सवय लावूनही शिकवता येतं. वेळ लागतो, पण येतं."

"वेळ किवीकडे आहे का, ते विचारून आलीस?" मागून रुका ओरडला. रुका म्हणजे आमच्याकडच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या. तोंडाचा फटकळ, मनानं वाईट नाही. "आणि माझा कुत्रा डुकराचा मार खातो, तो तुझ्या बिस्किटाला भीक घालेल होय?"

लोक हसले. हीरिया उठली तसे गप्प झाले.

"पोरी, तू झटका घेतलायस कधी?"

"घेतलाय, आंटी. तुमच्याच हातचा. मागच्या वर्षी आले होते मी."

"मग? मेलीस?"

"नाही. पण मला माहीत होतं तो कशासाठी आहे ते. कुत्र्याला कोण सांगणार? त्या क्षणी त्याच्या नाकात काय होतं, डोळ्यांसमोर काय होतं, त्यातल्या कशाला तो भ्यायला, हे तुम्हाला कुठं माहीत आहे? तो पळाला एवढंच तुम्हाला दिसतं."

"पळाला ना? मला तेवढं पुरे," हीरिया म्हणाली. "दोन क्षणांचं दुखणं एका बाजूला, आणि पायरीवर मरून पडलेला पक्षी एका बाजूला. तो पक्षी मी हातात धरलाय. गरम होता. तू धर, आणि मग मला दया शिकव."

टाळ्यांनी छप्पर हललं. खरं सांगते, मीही वाजवल्या. फिलिपा खाली बसली. चहाच्या वेळी तिच्या हातात मीच तळलेल्या भाकरीचा तुकडा दिला. वाद घातला म्हणून पाहुण्याला उपाशी धाडायची रीत आमच्याकडे नाही.

मग तो हिवाळा आला. पुकेरोआवर मेलेले किवी सापडू लागले. आधी एक, मग जोडी, मग बिळाच्या तोंडाशी एक नर; किवीत अंडी नरच उबवतो. वनखात्याचा माणूस ते पिशवीत घालून खाली आणायचा आणि हीरियाच्या ओट्यावर ठेवायचा. दुसरीकडे कुठे न्यावेत हे त्यालाही कळत नसावं. कुत्र्याचेच दात, हे स्पष्ट होतं. पण आमचे कुत्रे तर शिकलेले, दाखलेवाले! सभेत हीरिया उभी राहून म्हणाली, "माझ्या हातचा एकही कुत्रा नाही. मी जामीन." मग उरलं कोण? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. खाडीच्या तोंडाशी एक निवृत्त मास्तर नवीनच राहायला आले होते, त्यांच्याकडे लांब कानांचा एक म्हातारा कुत्रा होता, दाखला नसलेला. एकदा तो डोंगराच्या पायथ्याशी कुंपणात हुंगताना दिसला आणि रुकानं त्याला गोळी घातली. त्या कुत्र्याला मराईच्या फाटकापर्यंतचा चढ चढताना धाप लागायची हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी रुकाला कोणी जाब विचारला नाही. मास्तर वसंताच्या आधी घर विकून गेले.

तरीही पक्षी मरतच राहिले. हीरिया जेवायची कमी झाली. "भटके असतील," म्हणायची. "शहरातले लोक गाडीतून आणून सोडतात." डुकराच्या मागे कुत्रे मैलभर पुढे निघून जातात, माणूस मागून धापा टाकत पोचतो; मधल्या वेळात कुत्रा काय करतो हे कोण बघतं? पण हा विचार तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आणि मग माझा पाओरा गेला. डोंगरात, शिकारीत, छातीत कळ येऊन. बरोबरचे लोक दुसऱ्या ओढ्याला होते. टोआच्या भुंकण्यावरून त्यांनी त्याला शोधून काढलं. खाली आणेपर्यंत सबंध वाट टोआ झोळीला चिकटून चालला, लोंबणाऱ्या हाताला नाक लावून. रुका मला हे सांगताना लहान मुलासारखा रडला.

आमच्यात मयत तीन दिवस असतं. शवपेटी उघडी ठेवतात, घरच्या बायका तिच्याभोवती बसतात, गावोगावचे लोक येऊन मेलेल्याशी बोलतात, त्याला शिव्या देतात, गाणी म्हणतात. मी उशाशी होते, हीरिया पायाशी, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पानांचे वेढे. मराईच्या आत कुत्रा येत नाही, पण थोरल्यांनी बोलून ठरवलं की या कुत्र्यानं मालकाला शेवटपर्यंत सोडलं नाही, त्याला निरोप घेऊ द्यावा. रुका टोआला घेऊन आला. टोआ दोर ताणत, विव्हळत, जवळजवळ उड्या मारत आला. पाओराचा वास त्याला फाटकापासूनच लागला असणार. आणि आमच्यापासून चार पावलांवर तो खिळल्यासारखा थांबला. अंग थरथरायला लागलं. मी हाक मारली, "ये रे बाळा, ये, बघ कोण आहे." तो पोटावर सरपटत एक पाऊल पुढे आला, आणि कोणी हात लावला नसताना किंचाळून मागे पळाला.

"जनावराला मरण कळतं," कोणी म्हणालं.

"त्याला काहीतरी दिसलं असेल," दुसरी म्हणाली.

तीन दिवस हेच. कुंपणाबाहेर बसून रडायचा, राहवलं नाही की यायचा, तेवढ्याच अंतरावर थांबायचा आणि पळून जायचा. मला त्याचा राग येऊ लागला. डोंगरात प्रेताला चिकटून बसलास, आता माझ्याजवळ यायला काय झालं तुला? मरणाला भीत होता म्हणावं तर सबंध वाट कसा चालला?

हीरिया त्याच्याकडे एकटक बघत होती. शेवटच्या सकाळी ती उठली, डोक्यावरचा वेढा काढून ठेवला, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि कुंपणाबाहेर गेली. टोआ धावत आला आणि तिच्या मांडीत डोकं घालून पडला. तिनं त्याला थोपटलं, परत आली, वेढा हातात घेतला आणि पुन्हा त्याच्याकडे गेली. तो शेपूट पोटाशी घेऊन, ओरडत रस्त्यापार निघून गेला. मी हे सगळं पेटीच्या उशाकडून पाहिलं आणि मला काही म्हणजे काही समजलं नाही. हीरिया येऊन आपल्या जागी बसली, उघड्या डोक्यानं. तिचा चेहरा पाओरापेक्षा पांढरा झाला होता. थोड्या वेळानं पेटीवर झाकण बसलं.

त्या वेळी तिनं एक शब्द बोलायला हवा होता. आम्ही सगळ्या बायकांनी डोक्यावरची पानं काढून फेकली असती, हात धुतले असते, आणि माझ्या नवऱ्याच्या कुत्र्याला त्याचं शेवटचं तोंड बघता आलं असतं. ती बोलली नाही. पुढे मी विचारलं तर म्हणाली, "वाईमारी, माझी जीभच उचलली नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं." त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही.

पुरल्यानंतर थोड्या दिवसांनी ती माझ्याकडे आली. शीतपेटीतला नवा पक्षी काढून आणला होता, ज्याला पान लागलं नव्हतं. म्हणाली, "टोआला सोड." आम्ही घरामागच्या वाटेवर पक्षी ठेवला आणि बाजूला उभ्या राहिलो. पट्टा नाही, बटण नाही. टोआ आला, सरळ त्याच्यापाशी गेला, हुंगलं, आणि अलगद, अगदी अंडं उचलावं तसा तोंडात उचलला. मग मान वर करून इकडेतिकडे पाहू लागला. तो पाओराला शोधत होता. त्याला द्यायचा होता तो.

ओढ्याकडच्या वाटेला कावाकावाची झुडपं आहेत. "हल्ली हा त्या वाटेनं येतच नाही, लांबचा फेरा घालतो," असं पाओरा हसून सांगायचा ते मला तेव्हा आठवलं.

"एवढी वर्षं," हीरिया म्हणाली. "एवढे कुत्रे. सगळ्यांना मी पानाला भ्यायला शिकवलं." टोआच्या तोंडातून तो पक्षी तिनं काढून घेतला. टोआनं तो लगेच दिला आणि शाबासकीची वाट बघत बसला.

तिनं लपवलं मात्र नाही. मराईवर सगळ्यांना बोलावून सांगितलं. आधी कोणाचा विश्वास बसेना. मग लोकांनी आपापले कुत्रे आणले, आणि एकामागून एक तेच झालं. काही थांबले, पण बहुतेकांनी उचलला. रुकाच्या कुत्र्यानं तर उचलून पळच काढला, आणि रुका त्याच्यामागे न धावता तिथंच उभा राहिला. त्याला त्या मास्तरांचा कुत्रा आठवला असणार. मला तर तोच दिसत होता.

"ठीक आहे, चूक झाली," शेवटी रुका म्हणाला. "आंटी, परत लावा पट्टा. या वेळी पानं नकोत म्हणजे झालं."

"परत?" हीरियानं विचारलं. "त्याच कुत्र्यांना? कुठल्या तोंडानं?"

"तुमच्या हातानं नाही तर दुसऱ्याच्या. रानात तर जायचंच आहे."

फिलिपाही आली होती. कोपऱ्यात उभी होती. बाहेर पडताना तिनं हीरियाचा हात धरला. "आंटी, मी बरोबर होते असं म्हणायला मी आलेली नाही."

"म्हण की. बरोबरच होतीस."

"मला हे माहीत नव्हतं. मी नुसतं असं होऊ शकतं म्हणत होते." तिचे डोळे भरले होते. "असं व्हावं असं मला वाटत नव्हतं."

त्यानंतर फोन सुरू झाले. बंदी मागणारे म्हणायचे, आमच्या बाजूनं साक्ष द्या, बघा पट्टा कसा निरुपयोगी ते सांगा. बंदीच्या विरोधातले म्हणायचे, आमच्या बाजूनं द्या, दोष पट्ट्याचा नव्हता, पानांचा होता ते सांगा. दोघंही गोड बोलायचे, दोघांनाही ती हवी होती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली. "डोंगरात आता किती उरलेत, हे एकानं तरी विचारलं का गं?" ती मला म्हणाली, आणि तिनं फोनची तार भिंतीतून उपटली. बंदीचं अजून काही ठरलेलं नाही. सभा चालूच आहेत. दुसऱ्या तालुक्यातला एक माणूस आता आमच्या शिकाऱ्यांच्या कुत्र्यांना शिकवतो. तो मनगटावर झटका देत नाही, त्यामुळे लोकांना बरा वाटतो.

पुकेरोआवर वनखात्याची माणसं ऐकायला जाऊन बसली, वारा नसलेल्या रात्री निवडून. एकही हाक आली नाही. दुसऱ्या बेटावर वाढवलेले पक्षी इथं आणून सोडायचं घाटत होतं. त्यासाठी हीरिया वर्षानुवर्षं साहेबांच्या मागे लागली होती. ते आता होणार नाही. ज्या गावच्या कुत्र्यांचा भरवसा नाही तिथं पक्षी देत नाहीत, असं साहेबानं स्वतः येऊन सांगितलं. तो चांगला माणूस आहे. त्यानं टोपी काढून सांगितलं.

टोआला मी साखळीला बांधून ठेवलंय. दुसरं काय करणार? मारायला हात धजत नाही, आणि पुन्हा त्या पट्ट्याखाली घालायचा तर आधी मला घाला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. शनिवारी सकाळी बाकीचे कुत्रे ट्रकमध्ये चढतात तेव्हा तो साखळीच्या टोकाला उभा राहून ओरडतो. वाढलेलं खातो, पण पहिल्यासारखं नाही.

हीरिया रोज संध्याकाळी येते. माझ्याशी फारसं बोलत नाही, मीही बोलत नाही. ती सरळ मागच्या अंगणात जाते आणि टोआशेजारी जमिनीवर बसते. तो तिला पाहून अंग वेडंवाकडं करत नाचतो, अजूनही, पिल्लासारखा. काल मी तिला चहा द्यायला गेले तर म्हणाली, "याला त्या पानांचा राग आहे. पेटीत पडलेल्या माझ्या भावाजवळ जायची याला भीती वाटली. माझा मात्र राग नाही गं याला. बटण तर मी दाबलं होतं ना? एकदा, एकदा तरी माझ्यावर गुरगुरावं यानं."

मी चहा खाली ठेवला. टोआ तिचा हात चाटत होता. ती तो काढून घेत नव्हती, आणि त्याच्या डोक्यावरून फिरवतही नव्हती.